झाकणाची वही

"ह्योच घेवया," बाबल म्हणाला आणि त्याने फ्रीजचं दार तिसऱ्यांदा उघडून तिसऱ्यांदा लावलं. दारावर गुलाबाची दोन फुलं होती, एकेक ताटाएवढं. "बघ गो ताय, बाटल्यांका वेगळी जागा, अंड्यांका वेगळी जागा."

"बोटीर अंडी कोण घालतला?"

दुकानदार हसला, बाबल हसला नाही. माझा हा धाकटा भाऊ कुठलीही वस्तू घेताना आधी तिचं तोंड बघतो. मी त्याला बाजूला सारून दुकानदाराला विचारलं, "हा झोपेत किती करंट खातो?"

"झोपेत म्हणजे?"

"कोणी उघडत नाही, काही ठेवत नाही, काढत नाही. नुसता उभा आहे. तरी दिवसाला किती?"

कणकवलीच्या त्या दुकानदाराने तेव्हा कुठे माझ्याकडे नीट बघितलं. बर्फाच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं नोंदवही सांभाळली होती. लाद्या किती निघाल्या, किती गेल्या, किती वाटेतच पाणी झाल्या, सगळं माझ्या हातचं. कारखाना बंद पडला आणि मी घरी बसले, पण हिशेब मांडायची खोड घरी बसत नाही.

दुकानदाराने आम्हाला मागच्या खोलीत नेलं. तिथे एक पांढरी पेटी होती. दार नाही, वर झाकण. तीन बोटं जाड भिंती.

"ही थेट बॅटरीवर चालते," तो म्हणाला. "घरचा फ्रीज बोटीवर न्याल, तर बॅटरीचा करंट घरच्यासारखा करायला आणखी एक यंत्र लागेल, आणि ते स्वतःचा वाटा खाईल. शिवाय उभं दार उघडलं की थंडी पायावर सांडते. हिच्यात ती तळाला बसून राहते, हंड्यातल्या पाण्यासारखी."

"म्हणजे उघडलं तरी चालतं?"

"दारापेक्षा बरं. फक्त कडेला ही जाळी आहे ना, तिथे हातभर जागा मोकळी सोडा. तिथून ती गरम वारा टाकते. आणि आत किती थंड आहे ते बाहेर दिसत नाही, हा हिरवा दिवा तेवढा दिसतो. थर्मामीटर तुमचा तुम्ही आत टांगा."

बाबलने गुलाबांकडे एकदा मागे वळून बघितलं. पेटी मी घेतली.

ह्याला आता चौदा वर्षं झाली. त्या एप्रिलात आम्ही सगळे ह्या पेटीवर बसलो होतो म्हटलं तरी चालेल. बाबलच्या 'सातेरी'ला मासळी मिळेनाशी झाली होती, आणि बोट विकत घेणारा एकजण रत्नागिरीकडून दोनदा येऊन तिचं लाकूड ठोकून गेला होता. तेवढ्यात पुण्याहून डॉक्टर मृणाल गोळविलकर आल्या. ह्या औषधं देणाऱ्या डॉक्टर नव्हेत. समुद्राच्या पाण्यातली डोळ्यांना न दिसणारी झाडं त्या मोजतात. त्यांना तीन वर्षांसाठी बोट हवी होती. प्रत्येक खेपेला पाच दिवस खडकांपाशी नांगर टाकून राहायचं. इंजिन बंद, कारण डिझेलचा एक थेंब पाण्यावर पसरला की त्यांचं मोजणं संपलं. टपावरच्या सोलरवर जे मिळेल तेवढ्यातच दिवे आणि पेटी चालवायची. आणि पाण्याच्या बाटल्या चार अंशांच्या वर जाता कामा नयेत. एक खेप त्या पारखून बघणार होत्या. जमलं तर बोट राहिली, नाहीतर रत्नागिरीचा माणूस होताच.

बोटीचा तांडेल गुणाजी, आम्हा सगळ्यांचे तात्या. सत्तरीला टेकलेले. नाव कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं आणि खणातला बर्फ किती दिवस पुरवायचा, हे चाळीस वर्षं त्यांनीच ठरवलं. खणाजवळ गुडघ्यावर बसून फळीला तळवा लावायचे आणि "उद्या सांजपर्यंत" एवढंच म्हणायचे. तेवढंच व्हायचं.

मी पेटीबरोबर बोटीवर यायचं म्हटलं, तेव्हा बाबलने मान हलवली. बाईमाणूस होडीवर नको, ही आमच्याकडची जुनी समजूत. डॉक्टरबाई चालतील, त्या पाहुण्या. बहीण चालणार नाही.

तात्या माझ्याकडे बोट करून म्हणाले, "पभा बर्फ वळाखता. तू वळाखतंस?"

"बर्फ खय आसा आता तात्यानू? पेटी आसा."

"मगे तर पभा आणिकच होयी."

बाबल तांडेलापुढे फार बोलत नाही, पण त्याने अट घातली. "येवंदे. पण पेटीत कायव चुकला आणि ता तायच्या हातचा निघाला, तर ती परत बोटीर पाय ठेवची नाय. तुमीच साक्षी."

"बरा," तात्या म्हणाले.

मला त्या अटीचं हसू आलं. माझ्या हातचं आणि चुकणार?

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही नांगर टाकला. पेटी केबिनीत, सावलीत, कडेच्या जाळीपासून भिंतीपर्यंत हातभर जागा मी माझ्या हाताने मोजून सोडली. बॅटरीचा मीटर भिंतीवर. माझा हिशेब असा, की संध्याकाळी नव्वद टक्के असेल तर सकाळी पासष्ट असायला हवेत. पन्नासच्या खाली पेटी आपण होऊन बंद पडते, बॅटरी खराब होऊ नये म्हणून. म्हणजे पंधरा टक्के माझ्या पदरात शिल्लक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर अठ्ठावन्न दाखवत होता.

मी काचेवर टिचकी मारली. अठ्ठावन्न.

"काय गो?" बाबलने विचारलं.

"सात टक्के खय गेले?"

"माका काय इचारतंस? माझ्या खिशात नाय."

तापमान मी आदल्या दुपारपासूनच दर तासाला बघत होते, आता वही काढली. डाव्या पानावर झाकणाचा हिशेब. ज्याने उघडलं त्याने नाव, वेळ आणि कारण सांगायचं, मी लिहायचं. उजव्या पानावर दर तासाचं तापमान, सकाळी सहा ते रात्री दहा. डॉक्टरबाईंना वही फार आवडली. "प्रभाताई, तुम्ही आमच्या संस्थेत हव्या होतात," असं त्या म्हणाल्या, आणि मी मनातल्या मनात तेही लिहून ठेवलं.

डावं पान दिवसभरात असं भरलं. सात दहा, डॉक्टरबाई, बाटल्या चार ठेवल्या. नऊ वीस, बाबल, ताक. नऊ बावीस, बाबल, ताकात मीठ नाही म्हणून, मीठ पेटीत नसतं हे सांगून परत पाठवला. साडेबारा, डॉक्टरबाई, बाटल्या. साडेचार, बाबल, कारण विचारलं तर "सहज". सहा, डॉक्टरबाई. एकूण सहा वेळा. 'सहज'खाली मी रेघ मारली. तरी सहा वेळा झाकण उघडल्याने एवढा करंट जात नाही. लग्नघरात तर पेटी सहापेक्षा जास्त वेळा उघडतात.

उजव्या पानावर तापमान साडेतीनच्या आसपास घोटाळत होतं. दोननंतर पाऊण तास माझा चष्मा सापडत नव्हता, तेवढा वेळ शोधण्यात गेला. बाकी एक तास चुकला नाही. त्या केबिनीत बसायला धड जागा नव्हती, म्हणून माझी वळकटी मी पेटीच्या कडेला उभी करून ठेवली होती. पाठ टेकायला बरी, वही मांडीवर, मीटर डोळ्यांसमोर. पेटीपासून मी हातभर अंतरावर दिवसभर बसले होते. मला चुकवून झाकण उघडणं मांजरालाही जमलं नसतं.

तात्यांचं वागणं मात्र मला कळेना. नाव डाव्या पानावर एकदाही नाही, पण मी पाणी प्यायला उठले की ते पेटीपाशी. परत येते तो माझी वळकटी केबिनीच्या दाराबाहेर.

"तात्यानू, माझा हातरूण कोणी काढल्यान?"

"मी."

"कित्याक?"

"भायर बस मां गो. भायर बरो वारो आसा."

"भायरसून मीटर दिसणा नाय."

"मीटर खय पळान जाता?"

मी वळकटी परत जागेवर ठेवली. तासाभराने ती पुन्हा बाहेर. असं दिवसात चार वेळा झालं. शेवटी मी वहीत लिहिलं, 'तात्या पेटीपाशी. कारण सांगत नाहीत.'

तिसऱ्या दिवशी सकाळी मीटर त्रेपन्न.

बाबलने चहा तसाच ठेवला. "उद्या पन्नासच्या खाली जातला. परवा बाई जातली. तेरवा बोट." त्याने माझ्या हातातली वही घेऊन पानं उलटली. तो वाचत नव्हता, नावं शोधत होता. "ह्या काय? तात्या पेटीपाशी?"

"दिसला ता लिवलंय."

दुपारी डॉक्टरबाई छोट्या होडीतून खडकांकडे पाणी भरायला गेल्या होत्या. मी भांडी विसळून आत आले, तर बाबल दारात उभा आणि तात्या पेटीशेजारी गुडघ्यावर. त्यांचा एक तळवा पेटीच्या कडेला लावलेला, दुसऱ्या हातात माझी वळकटी.

"तात्यानू, काय चल्लाहा?"

"बघतंय."

"काय बघतास? दोन दिस बघतास. आमचो बर्फ गेलो म्हणान तुमका ह्या पेटीचो राग आसा, ता माका ठावक आसा. पण बोट गेली तर तुमीव खय जातलास?"

"बाबल," मी म्हटलं, "झाकणाक तेंचो हात लागललो मी बघूक नाय."

"मगे करंट खय जाता? तूच सांग. वही तुझी आसा."

पेटी चांगली, बॅटरी नवी, ऊन लख्ख, झाकण सहा वेळा. चारही आकडे बरोबर होते आणि बेरीज चुकत होती. एकोणीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी तात्यांकडे बघितलं. त्यांनी काहीतरी सांगावं, निदान "मी नाय" एवढं तरी म्हणावं, असं मला वाटत होतं.

तात्यांनी बाबलकडे बघितलं. मग माझ्याकडे, मग खाली ठेवलेल्या वहीकडे. "माझोच हात लागलो आसात," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचो हात, कळणा नाय खय जाता तो."

"पेटीक?"

"पेटीक."

जवळून मालवणकडे एक होडी चालली होती. बाबलने तिला हात केला. तात्यांनी पिशवी भरली, त्यात एक लुंगी, एक डबा आणि तंबाखू. होडीत पाय टाकण्यापूर्वी ते केबिनीत वळले, माझी वळकटी उचलली आणि दाराबाहेर ठेवली. मग उतरले.

मी रागाने ती आत आणली आणि पेटीला टेकून बसले. वहीत लिहिलं, 'एक वाजता तात्या उतरले.' पुढे कारणाचा रकाना होता, तो रिकामा ठेवला.

त्या दिवशी मी जरा जास्तच लक्ष घातलं. आतली टोपली उचलून, बाटल्या सरकवून, तळाशी टांगलेला थर्मामीटर वर ओढायचा, चष्मा पुसायचा, आकडा बघायचा, विसरू नये म्हणून तिथल्या तिथे लिहायचा, मग सगळं परत. पेटी मात्र माझ्या मेहनतीला जागेना. पाचला चार. सहाला साडेचार. नऊला पाच. चोर उतरला होता आणि चोरी वाढली होती.

चौथ्या दिवशी सकाळी उठले तर हिरवा दिवा बंद. मीटर एकोणपन्नास. तापमान सात.

ऊन चढल्यावर पेटी पुन्हा सुरू झाली, पण डॉक्टरबाईंनी बाटल्या एकदा हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाल्या, "बाबलभाऊ, नांगर काढा. आता उद्यापर्यंत थांबण्यात अर्थ नाही."

बाबल टपावर जाऊन बसला. मी वही घेऊन तशीच. डॉक्टरबाईंनी बॅगेतून लॅपटॉप काढला. करंट वाचावा म्हणून चार दिवस त्यांनी तो उघडलाच नव्हता. मग पेटीत हात घालून बाटल्यांच्या तळातून अंगठ्याएवढी एक डबी काढली.

"हे काय?" मी विचारलं.

"हे दर मिनिटाला तापमान टिपतं. आत राहून, आपलं आपण. वाचायला मात्र लॅपटॉप लागतो." त्यांनी डबी जोडली. पडद्यावर एक रेघ उमटली आणि त्यांनी भुवया वर केल्या. "बाबलभाऊ, जरा खाली या."

रेघ कसली, करवत होती ती. दात, दात, दात. सारख्या अंतरावर, एकापुढे एक, आणि मग रात्रभर सपाट. पुन्हा सकाळपासून दात.

"प्रत्येक दात म्हणजे झाकण उघडलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि बराच वेळ उघडं राहिलंय. दुसऱ्या दिवशी बघा, हे लहान दात माझे आणि तुमच्या ताकाचे. पण हे मोठे? सहाला सुरू, रात्री दहाला बंद. दर तासाला एक, तीनचा जरा रुंद. सतरा."

"घड्याळ लावल्यासारखा," बाबल म्हणाला. "तात्यांकडे घड्याळ खय आसा?"

"आणि दुसरी गोष्ट. काल दुपारी एकपर्यंत प्रत्येक दातानंतर पेटी पंधरावीस मिनिटांत सावरत होती. त्यानंतर ती सावरलीच नाही. काल एक वाजता काय झालं?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अकराला एक मिनिट कमी होतं. माझा डावा हात झाकणावर होता आणि उजवा कपाळावरचा चष्मा खाली ओढत होता.

दोन्ही हात मी काढून घेतले.

पेटीच्या कडेला तात्यांनी लावला होता तिथे तळवा लावला. जाळी तव्यासारखी तापली होती. माझी वळकटी मी ओढून काढली. पेटीकडची बाजू नुकत्या इस्त्री केलेल्या कपड्यासारखी गरम होती. दुकानदाराची हातभर जागा मी हातानेच मोजली होती, हातानेच बुजवली होती. चार-चार वेळा एक म्हातारा माणूस ती मोकळी करत होता, आणि मी त्याचं नाव वहीत लिहीत होते.

"सतराय मी," मी म्हटलं.

बाबलला कळायला थोडा वेळ लागला. त्याने वहीचं डावं पान बघितलं, उजवं पान बघितलं. "तुझा नाव खयच नाय."

"मी काय काढूक उघडी नाय होतंय. बघूक उघडी होतंय. बघणाऱ्याचा नाव कोण लिवता?"

डॉक्टरबाईंनी पडद्याकडे तोंड फिरवलं. हसत होत्या की काय, बघायचं धैर्य मला झालं नाही.

"मगे तात्यांनी सांगूक कित्याक नाय?" बाबल म्हणाला. "तोंड होता मां तेंका?"

"ती अट तू तेंच्याच समोर घातलेलंस."

बाबल खाली बसला.

आमच्याकडून सगळं ऐकून घेतल्यावर डॉक्टरबाई लॅपटॉप मिटत म्हणाल्या, "ह्या खेपेच्या बाटल्या गेल्या. पण पेटीत खोट नाही. थर्मामीटरची तार बाहेर काढून घ्या आणि आणखी एक खेप करू, पुढच्या रविवारी. पण ते काल उतरले ना, ते तात्या हवेत. झाकण न उघडता आतलं ओळखणारा माणूस मी अजून बघितलेला नाही."

बंदराला लागल्यावर बाबल माझ्याबरोबर यायला निघाला, मी त्याला परत पाठवला. तात्या त्यांच्या खळ्यात आमसुलं वाळत घालत होते. हात कोपरापर्यंत लाल. मला बघून त्यांनी पाट पुढे सरकवला.

"इलंस?"

मी बसले. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. म्हणून वही उघडली. येताना बोटीतच मी दुसऱ्या दिवसाचं डावं पान नव्याने लिहून काढलं होतं. तेच वाचायला लागले.

"सहा, पभा, तापमान बघितलं. सात, पभा, तापमान बघितलं. सात दहा, डॉक्टरबाई. आठ, पभा. नऊ, पभा..."

तात्या आमसुलं उलटत ऐकत होते. रात्री दहापर्यंत मी सगळं वाचलं. बेरीजही वाचली, "पभा, सतरा वेळा." मग वही मिटली. "तात्यानू, बाई तुमका बोलयताहा. रविवारी."

"आणि तू?"

"बाबलाची अट तुमका ठावक आसा."

"बाबलाक सांग, तांडेल येतलो तर पभाव येतली. नायतर तेना एकट्यान नांगर टाकूचो." त्यांनी एक आमसूल उचलून उन्हाकडे धरलं, परत ठेवलं. "पण वही चुकीची आसा तुझी."

"चुकीची? आता खय चुकली?"

"सतरा नाय. अठरा." त्यांनी हात पंचाला पुसले. "दोनाक बघलंस आणि चष्मो आतच इसरलंस. पाऊण तास सगळी बोट शोधलंस. मगे तो काढूक उघडलंस, आणि काचा पुसूक फडको मिळणा नाय म्हणान झाकण तसाच ठेवन गेलंस. ता मी लावलंय."

मी पेन काढलं. मग वही पुन्हा उघडली, दोन आणि तीनच्या मध्ये जागा केली, आणि अठरावी नोंद बारीक अक्षरात लिहिली. दोन पंचेचाळीस, पभा. कारणाच्या रकान्यात, चष्मा. त्याच्यापुढे, झाकण लावलं तात्यांनी.